कोणतं पुस्तक देऊ? त्याआधी मुलाला काय विचारायचं

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर गेला की दुपारी बारा ते पाच पोरांना घरातच थांबावं लागतं. विदर्भातल्या शाळासुद्धा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. सुट्टी लांब आणि दुपार तिच्याहून लांब. अशाच एका सुट्टीत मानेवाड्यातल्या आमच्या घराच्या समोरच्या खोलीत मी पुस्तकांचं एक कपाट कॉलनीतल्या मुलांसाठी उघडं केलं. कूलर, सतरंजी, माठातलं पाणी आणि पुस्तकं, एवढीच व्यवस्था. आता नऊ वर्षं झाली. कपाटं तीन झाली आहेत आणि रविवारी सकाळी दारात चपला मावत नाहीत.

पहिल्या दोन वर्षांत मात्र मी दिलेली बरीचशी पुस्तकं न वाचताच परत आली. मी पुस्तकाच्या मागे छापलेलं वय बघायची, मुलाची इयत्ता विचारायची आणि पुस्तक हातात ठेवायची. चूक तिथेच होत होती. पाचवीतली दोन मुलं शेजारीशेजारी बसलेली असतात. एकाला दोनशे पानं पुरत नाहीत, दुसरा 'प्रश्न' या शब्दापाशी अडतो. मुलाकडे नीट बघितल्याशिवाय कपाटाकडे वळायचं नाही, हे मी तिथे शिकले. घरी, शाळेत किंवा वाचनालयात मुलांना पुस्तकं सुचवणाऱ्यांसाठी ते सगळं क्रमाने लिहिते आहे.

पहिली पायरी: पुस्तकांबद्दल विचारू नका

"तुला कोणती पुस्तकं आवडतात?" या प्रश्नाला न वाचणारं मूल "कोणतीही" म्हणतं आणि खाली बघतं. त्याला तो परीक्षेतला प्रश्न वाटतो. त्यापेक्षा काल संध्याकाळी काय केलंस, मोबाइलवर काय बघतोस, घरी कशावरून बोलणी बसतात, कोणत्या गोष्टीची भीती वाटते, हे विचारा. पाच मिनिटं पुरतात. घाई केलीत तर ती पाच मिनिटंही वाया जातात.

सहावीतल्या एका मुलाला त्याची आई घेऊन आली होती. "काकू, हा काही म्हणता काही वाचत नाही," असं त्याच्यासमोरच तिने सांगितलं. मी तिला चहाला आत पाठवलं. आई समोर असली की उत्तरं आईच देते, म्हणून हे मी नेहमीच करते. मग त्याला विचारलं, काल दुपारी काय करत होतास? रिकाम्या प्लॉटवर मुंगूस बघत होतो, म्हणाला. किती वेळ? "लय वेळ. ते पिलं घेऊन फिरून राहिलं होतं." भर उन्हात एका मुंगसासाठी तासभर बसणारं पोर वाचणार नाही, असं कसं होईल? त्याला मी डॉ. प्रकाश आमटे यांचं 'रानमित्र' दिलं. हेमलकशात त्यांनी सांभाळलेल्या जंगली प्राण्यांच्या त्या गोष्टी आहेत. त्याने पहिल्या दिवशी फक्त बिबट्या कुठे आहे तेवढं शोधलं आणि तेवढीच पानं वाचली. दुसऱ्या आठवड्यात उरलेलं पुस्तक मागायला आला.

मुलाच्या उत्तरातलं क्रियापद ऐका. "क्रिकेट आवडतं" हे अर्धं उत्तर झालं. खेळायला आवडतं, बघायला आवडतं की आकडे पाठ करायला आवडतं? आकडे पाठ करणाऱ्या मुलाला खेळाडूची भावुक गोष्ट कंटाळवाणी वाटू शकते, पण कोड्यांचं पुस्तक तो जेवायच्या ताटावरही घेऊन बसतो.

दुसरी पायरी: वाचन कुठवर आलंय ते हळूच पाहा

ही पायरी मराठी मुलांच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुकते.

नागपुरात मराठी बोलणारी असंख्य मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे अक्षरओळख सगळ्यांना असते. पण दहा वर्षांच्या मुलाची समज दहा वर्षांची आणि मराठी वाचनाचा वेग दुसरीतला, असं होतं. त्याला दुसरीतल्या मुलाची गोष्ट दिली तर अपमान वाटतो, पाचवीची दिली तर दम लागतो. अशा मुलाला विषय मोठ्या मुलाचा पण वाक्यं छोटी आणि अक्षर ठळक, असं पुस्तक लागतं.

शोधायचं कसं? मधलं एखादं पान उघडा आणि म्हणा, "मला चष्मा सापडत नाही, जरा वाचून दाखव." अडलेल्या प्रत्येक शब्दाला मनात एक बोट मिटा. साधारण शंभर शब्दांच्या पानात एखाद-दुसरं बोट मिटलं तर पुस्तक सहज जाईल. तीन-चार मिटली तर कुणीतरी शेजारी बसायला हवं. पाचही मिटली तर ते पुस्तक तुम्ही वाचून दाखवायचं, त्याच्या हाती नंतर द्यायचं. मिटलेली बोटं मुलाला दिसू देऊ नका.

मूल कुठे अडतं तेही कानाने टिपा. जोडाक्षरं आणि रफार ही ठरलेली ठिकाणं. पण देवनागरी आधी हिंदीतून शिकलेल्या मुलाची अडचण निराळी असते. तो 'झाड पडलं' हे 'पडलम्' असं वाचतो. डोक्यावरचा टिंब म्हणजे अनुनासिक, हे त्याला हिंदीने शिकवलेलं असतं. मराठीत शब्दाच्या शेवटी तो टिंब 'अ' लांबवायला सांगतो, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तसंच च, ज आणि झ. 'चहा'तला च आणि 'चमचा'तला च वेगळे उच्चारायचे असतात, लिपी मात्र काही सुचवत नाही. 'ळ'च्या जागी 'ल' येतोच. मुलाला मराठी येत नाही असं यावरून समजू नका. घरी तो 'पडलं' अगदी बरोबर बोलतो. एकदा त्याला म्हणा, "तू आईशी बोलतोस तसंच हे लिहिलंय, बोलून बघ." सातवीतल्या एका मुलीच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटलं ते मला अजून आठवतं. तिने तेच पान पुन्हा वाचलं आणि दोन ठिकाणी हसली. पहिल्या वाचनात विनोद आहे हेच तिला कळलं नव्हतं.

आणखी एक. मराठी बालपुस्तकांची भाषा बहुतेक वेळा पुण्या-मुंबईकडची असते. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, पातेल्याला गंज. गोष्टीतली आजी पातेल्यात काही ढवळते तेव्हा मूल थांबतं. शब्द समजावून पुढे जा आणि त्याचा शब्दही मोठ्याने म्हणा: "आपला गंज." आपल्या घरची भाषा चुकीची आहे असं एकदा मुलाच्या मनात बसलं की ते पुस्तकापासून दूर होतं.

तिसरी पायरी: तीन पुस्तकं पुढे ठेवा, निवड त्याची

एकच पुस्तक दिलं की ती आज्ञा होते. दहा दाखवली की मूल गोंधळतं. मी तीन ठेवते. एक त्याच्या आवडीचं आणि सोपं, एक त्याच आवडीतलं पण थोडं चढाचं, आणि एक अगदी वेगळं, जे त्याने स्वतःहून कधी उचललं नसतं. बहुतेक मुलं पहिलं उचलतात. कधीतरी तिसरं उचललं जातं, आणि त्या दिवशी मूल किती वाढलंय ते कळतं. त्याने निवडल्यावर "अरे, हे घ्यायचं होतंस" असं म्हणू नका, मनात कितीही येवो.

चौथी पायरी: पहिलं पान तुमच्या आवाजात

पुस्तकाची स्तुती करू नका. "खूप छान आहे, वाच हं" या वाक्याने आजवर एकही मूल वाचायला लागलेलं मी पाहिलं नाही. पहिली दोन पानं वाचून दाखवा आणि काहीतरी घडायच्या बेताला थांबा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे म्हणजे बनेश हा फुरसुंगीचा, पुण्यात शिकणारा पोरगा. आमच्या मुलांनी फुरसुंगी पाहिलेली नसते, पण त्याची सायकल सुटली की गाव कुठलं हे कुणी विचारत नाही. त्याचं "ट्टॉक" मोठ्याने काढून दाखवा. आठवडाभर कॉलनीत तोच आवाज ऐकू येतो.

'श्यामची आई' तर मी हातात देतच नाही, वाचून दाखवते. साने गुरुजींनी ते पुस्तक रात्रींमध्ये विभागलं आहे, एकेका रात्री एक आठवण. ते ऐकण्यासाठीच रचलेलं आहे. आजच्या मुलाला एकट्याने सलग वाचायला ते जड जातं, पण रात्री जेवणं झाल्यावर गच्चीवर अंथरुणं टाकून रोज एक रात्र वाचली तर पोरं आपणहून जवळ सरकतात.

पाचवी पायरी: सोडायची मुभा

माझ्याकडे नियम असा: वीस पानं वाचून नाही आवडलं तर परत आण, कारण विचारणार नाही. पालकांना हे पटत नाही. "सवय लागेल ना अर्धवट सोडायची," म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. सोडता येतं हे कळलं की मूल जाड पुस्तकाला हात लावायला घाबरत नाही. परत आलेलं पुस्तक हीसुद्धा माहितीच असते. मी वहीत नोंद करते: मुलाचं नाव, पुस्तक, कितव्या पानावर सोडलं. तीन-चार नोंदी झाल्या की आकार दिसू लागतो. एक मुलगी दर वेळी वर्णनं सुरू झाली की सोडायची आणि संवाद आले की पुढे जायची. तिला एकांकिका दिल्या. तिने मैत्रिणी जमवून त्या समोरच्या अंगणात केल्या.

वय विचारून थांबू नका, पण टप्पे माहीत असू द्या

अगदी लहानांसाठी, म्हणजे तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, पुस्तक म्हणजे चित्र आणि मांडी. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' मालिका आणि यशच्या गोष्टी मी कपाटात दोन-दोन प्रती ठेवते, कारण त्या फाटेपर्यंत वापरल्या जातात. त्यांच्या चित्रांत घर खरं दिसतं, पसारा आणि कोपऱ्यातल्या चपलांसकट. मूल चित्रातल्या कोपऱ्यावर बोट ठेवून बोलायला लागलं की पानं उलटायची घाई करू नका. या वयात विंदा करंदीकरांच्या बालकविता मोठ्याने म्हणा. अर्थ मागाहून येतो, आधी ठेका जिभेवर बसू द्या.

सात ते नऊच्या मुलांना स्वतः वाचायचं असतं आणि पुस्तक संपवायचंही असतं. 'संपवलं!' हा आनंद त्यांना वारंवार मिळायला हवा, म्हणून सोळा ते चोवीस पानांची पातळ पुस्तकं भरपूर लागतात. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली मराठी पुस्तकं स्वस्त आहेत, ती घ्या. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात आणि त्या वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. तुम्ही बोटं मिटून जो अंदाज घेतला, तो इथे कामी येतो. मी त्या छापून, दोऱ्याने शिवून पुस्तकं करते. मोबाइलवर वाचायला दिली तर मूल दोन मिनिटांत दुसरीकडे पोचतं.

नऊ-दहानंतर वाट फुटते. साहसं आवडणाऱ्यांना फास्टर फेणे आहेच, आणि सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या कथा अशोक जैन यांच्या मराठी अनुवादात मिळतात. आकाशाकडे बघणाऱ्यांना जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा द्या. रमण विज्ञान केंद्रातून आलेली मुलं चार दिवस नुसती प्रश्न विचारतात, ते दिवस वाया घालवू नका. डायनासोरवेड्यांना मी एक गोष्ट नक्की सांगते: वरोऱ्याकडे पिसदुरा नावाचं गाव आहे, तिथे डायनासोरचे अवशेष सापडले आहेत. आपल्याच भागात डायनासोर होते, हे कळलं की मुलाचे डोळे मोठे होतात आणि मग जाड पुस्तकही जड वाटत नाही.

आगगाडीचं वेड असलेल्यांना मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय दाखवून आणा आणि मग 'तोत्तोचान' द्या. तेत्सुको कुरोयानागी यांच्या त्या आठवणींतली शाळा रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरते. चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी ते मराठीत आणलं आहे. मात्र त्यात एका मित्राचा मृत्यू आहे आणि पुढे युद्ध. हे मला आठवायला हवं होतं, तेव्हा आठवलं नाही. ज्या मुलाचा चुलतभाऊ नुकताच गेला होता त्याला मी ते पुस्तक डब्यातल्या शाळेसाठी म्हणून दिलं. तो काही न बोलता परत ठेवून गेला आणि दोन महिने आला नाही. दुःखाची पुस्तकं मुलांना देऊ नयेत असं मला वाटत नाही. पण आत काय आहे ते आपल्याला माहीत असावं आणि त्या पानाशी आपण जवळ असावं. तेव्हापासून स्वतः पूर्ण वाचलेलं नसेल किंवा वाचून बराच काळ झाला असेल तर ते पुस्तक मी सुचवत नाही. आधी रात्री बसून चाळते.

बारा-तेराच्या पुढच्यांसाठी नागपूरकरांच्या हाताशी एक खजिना आहे. आपल्या बालसाहित्यात समुद्र, नारळ, फणस भरपूर भेटतात. आमच्या मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो, पण गोरेवाडा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा ही नावं त्यांच्या तोंडी असतात. वनाधिकारी म्हणून नवेगावबांध, नागझिऱ्याच्या जंगलांत आयुष्य घालवलेले आणि नागपुरात बरीच वर्षं राहिलेले मारुती चितमपल्ली यांचं लेखन या वयाला द्या. व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा' द्या. सलग वाचायला सांगू नका. एखादा लेख निवडून खूण घालून द्या. पळस, मोह, तेंदू ही झाडं आपण रस्त्यावरून पाहतो, त्यांची नावं छापील पानावर पाहून मुलाला जे वाटतं ते दुसऱ्या कुठल्या पुस्तकाने मी घडलेलं पाहिलं नाही.

पुस्तकं मिळवायची कुठून

बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. आजोबांनी लहानपणी वाचलेला अंक शोधून काढणं हा सुट्टीतला एक उत्तम उद्योग आहे. शहरातल्या जुन्या वाचनालयांत बालविभाग आहे का ते विचारा, आणि मुलाला सोबत न्या. त्याच्या नावाचं कार्ड त्याच्याच खिशात राहू द्या. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जुनी पुस्तकं मिळतात, तिथे मुलाला शंभर रुपये देऊन स्वतः घासाघीस करू द्या.

आणि दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ दरवर्षी तिथे लाखो माणसं येतात, पुस्तकांच्या दुकानांच्या रांगाच्या रांगा लागतात आणि परतणाऱ्यांच्या पिशवीत पुस्तकं असतात. माझ्या कपाटातली बाबासाहेबांची, सावित्रीबाईंची, जोतीरावांची सचित्र चरित्रं तिथूनच आलेली आहेत. ज्या मुलाने आईवडिलांना तिथे पुस्तक विकत घेताना पाहिलंय त्याला पुस्तकाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

हिंदी पुस्तकांना नाही म्हणू नका. आपली पोरं दोन्ही भाषांत जगतात. भोपाळच्या एकलव्य संस्थेचं 'चकमक' हे मुलांचं हिंदी मासिक माझ्याकडे येतं आणि हातोहात जातं. चित्रकथांनाही नाही म्हणू नका. 'अमर चित्रकथा' वाचणारं मूल चित्र आणि मजकूर एकत्र लावत असतं, ते वाचनच आहे.

पुस्तक परत आल्यावर

"तात्पर्य काय?" हे विचारू नका. "किती पानं झाली?" हेही नको. मी विचारते, "कुठे थांबावंसं वाटलं नाही?" किंवा "यातलं कोण आपल्या कॉलनीत राहायला आलेलं चालेल?" दुसऱ्या प्रश्नाला फार सुंदर उत्तरं येतात. उत्तर आलं नाही तर सोडून द्या, आणि वहीत लिहायला विसरू नका. पुढची तीन पुस्तकं त्याच उत्तरातून निघतात.

शेवटचं काम मुलांवर सोपवा. प्रत्येक पुस्तकात कोरी चिठ्ठी ठेवा, वाचलेल्याने पुढच्यासाठी एक ओळ लिहायची. शुद्धलेखन तपासायचं नाही, मोठ्या माणसाने त्यात भर घालायची नाही. माझ्या दहा शिफारशींनी जे होत नाही ते अशा एका ओळीने होतं. चौथीतल्या एका मुलीने एका जाड पुस्तकात लिहिलं होतं: "पयले दोन पानं बोर आहे. मग मस्त आहे. कुत्रा मरत नाही, भिऊ नको." त्या पुस्तकाला दोन वर्षं कुणी हात लावला नव्हता. त्यानंतर ते अकरा जणांनी नेलं, आणि चिठ्ठी अजून आतच आहे.